जुन्या पिकअपच्या सस्पेन्शनचा फ्लेक्स कसा वाढवावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा-पंधरा वर्षे माल वाहून झालेली फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप हाताशी ठेवून तिला सुट्टीच्या दिवशी मुरबाड, शहापूर किंवा कर्जतकडच्या दगडगोट्यांच्या वाटांवर नेणारे मालक ठाणे आणि नवी मुंबईत बरेच आहेत. त्यांच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मागे सलग (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध) अ‍ॅक्सल व पाट्यांच्या कमानी (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आणि पुढे स्वतंत्र (प्रत्येक चाक वेगळे हलणारे) सस्पेन्शन अशी रचना असलेल्या गाड्या येथे प्रामुख्याने गृहीत धरल्या आहेत. स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन आणि इसुझू व्ही-क्रॉस या सर्व त्याच वर्गातल्या होत. पुढेही सलग अ‍ॅक्सल असलेल्या महिंद्राच्या जुन्या एमएम मालिकेच्या गाड्यांना पाट्यांविषयीची माहिती पुढच्या अ‍ॅक्सललाही लागू पडते.

फ्लेक्स म्हणजे नेमके काय आणि तो कशासाठी हवा?

अ‍ॅक्सलचे एक चाक दगडावर चढले असताना त्याच अ‍ॅक्सलचे दुसरे चाक खाली जाऊन जमिनीला टेकून राहण्याची जी क्षमता असते, तिला फ्लेक्स म्हणतात. त्याचे दोन भाग पडतात : वर चढलेले चाक मडगार्डच्या पोकळीत किती आत जाते आणि खाली सुटलेले चाक किती खाली लोंबते. या दोहोंची बेरीज म्हणजे चाकाचा एकूण प्रवास.

याचे महत्त्व डिफरन्शियलमुळे, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या संचामुळे आहे. साध्या, म्हणजे लॉक नसलेल्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच पीळ (फिरवणारा जोर) मिळतो, त्यामुळे एक चाक हवेत उचलले गेले की त्याला फिरवायला जेवढा क्षुल्लक पीळ लागतो तेवढाच जमिनीवरच्या चाकालाही मिळतो आणि गाडी जागच्या जागी अडते. चारही चाकांवर थोडाफार भार टिकवून धरणे हा फ्लेक्सचा खरा उपयोग आहे. चाक मडगार्डपासून हातभर लांब लोंबत असल्याचे छायाचित्र दिसायला छान असते, परंतु त्या चाकावर भारच नसेल तर त्या लोंबण्याने गाडी पुढे सरकत नाही.

पिकअप इतकी ताठ का असते?

कारण ती तशीच घडवलेली असते. एक टनाच्या आसपास माल घेऊन चालणाऱ्या गाडीचे मागचे पाटे त्या मालासाठी मोजलेले असतात. हौदा रिकामा असताना त्यांच्यावर मागच्या सांगाड्याचा आणि पत्र्याचा भार तेवढा येतो, आणि तो पाटे दाबायला पुरत नाही. रिकाम्या हौद्यात अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला वाळूची चार-पाच पोती ठेवून तीच वाट पुन्हा चढून पाहावी, फरक लगेच कळतो. पोती सरकू नयेत म्हणून ती बांधून घ्यावीत, हे सांगायला नकोच.

दुसरे कारण वयाचे आहे. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे या पट्ट्यातील गाड्यांचे पाटे आतून गंजतात, शॅकलच्या (कमानीचे टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या) पिना जखडतात आणि सांध्यांतले रबरी बुश दगडासारखे होतात. जुनी पिकअप ताठ वाटते तेव्हा कंपनीने दिलेल्या फ्लेक्सपैकी बराचसा असा गंजात अडकलेला असतो. म्हणूनच नवे सामान विकत घेण्याआधी गाडीत मुळात असलेला फ्लेक्स मोकळा करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि पुढील उत्तरांचा क्रमही त्यानुसारच लावला आहे.

सध्याचा फ्लेक्स घरच्या घरी कसा मोजावा?

सपाट काँक्रीटवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजावे आणि चारही आकडे लिहून ठेवावेत. नंतर मागचे एक चाक हळूहळू उचलावे. गोदामात फोर्कलिफ्ट मिळत असेल तर काम सोपे होते, नाहीतर भक्कम रॅम्प चालतो. त्याच अ‍ॅक्सलचे दुसरे चाक जमीन सोडण्याच्या बेतात येईल तेव्हा थांबावे. जमिनीवरच्या चाकाखाली कागद सरकवून पाहिला आणि तो सहज निघाला, तर ती मर्यादा ओलांडली असे समजावे. आता पुन्हा चारही अंतरे मोजावीत. हे करताना उरलेल्या चाकांना उटी (चाक अडवणारा ठोकळा) लावलेली असावी आणि गाडीखाली कोणीही जाऊ नये.

ऑफ-रोडिंगच्या जगात यासाठी रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स नावाचे माप वापरतात. २० अंशांच्या उतरणीवर एक चाक चढवत न्यायचे, दुसरे कोणतेही चाक जमीन सोडेपर्यंत ते उतारावर किती अंतर चढले हे मोजायचे, त्या अंतराला व्हीलबेसने (पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधल्या अंतराने) भागायचे आणि १००० ने गुणायचे. व्हीलबेस ३,००० मिमी असलेली गाडी १,३५० मिमी चढली तर तिचा आकडा ४५० येतो. हा आकडा शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच गाडीच्या कामाआधीच्या आणि कामानंतरच्या स्थितीची तुलना करण्यासाठी अधिक उपयोगी पडतो.

सुरुवात नेमकी कोठून करावी?

पाटे उघडण्यापासून. चेसिस घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) पक्की टेकवून, अ‍ॅक्सलला वेगळा आधार देऊन कमान बांधून ठेवणारे यू-बोल्ट सोडावेत, कमान खाली घ्यावी आणि पाटे मध्यभागी एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी पाट्यांचा गठ्ठा सी-क्लॅम्पने आवळून धरावा. बोल्ट निघताच पाटे उसळतात, आणि त्या वेळी बोटे मध्ये असू नयेत.

कमान काम करते ती पाटे एकमेकांवरून सरकत असल्यामुळे. पत्त्यांची जुडी सुटी असली की सहज वाकते, पण तीच पाने डिंकाने चिकटवली की पुठ्ठ्यासारखी ताठ होतात. गंजलेल्या पाट्यांचे नेमके तेच होते. जुना गठ्ठा उघडला की पापुद्र्यांनी गळणारा तांबूस गंज दिसतो आणि प्रत्येक पाट्याचे टोक ज्या जागी वरच्या पाट्याला टेकते तेथे घासून पडलेली खाच आढळते. त्या खाचेवरून बोटाचे नख फिरवून पाहावे. नख अडकत असेल तर खालच्या पाट्याचे टोक त्या खाचेत रुतून बसते आणि सरकायलाच तयार होत नाही. खाच उथळ असेल तर ग्राइंडरने ती जागा अलगद सपाट करून टोकांच्या धारदार कडा गोल कराव्यात, खोल असेल तर तो पाटा बदलावा, कारण पाटा तुटायला सुरुवात बहुधा अशा खाचेपासूनच होते. ग्राइंडिंगचे ओरखडे पाट्याच्या लांबीच्या दिशेने असावेत. आडवा ओरखडा हीसुद्धा तडा जाण्याची जागा ठरते.

वायर ब्रशने गंज काढून झाला की रंगाचा पातळ थर द्यावा आणि पाट्यांच्या टोकांखाली घर्षण कमी करणाऱ्या नायलॉनसारख्या प्लास्टिकच्या चकत्या बसवाव्यात. ग्रॅफाइट ग्रीसही चालते, पण त्यात धूळ आणि रेती चिकटते व पावसाळ्यानंतर तिचा घासकागद होतो, म्हणून ग्रीस वापरणाऱ्यांनी दरवर्षी पाटे उघडून धुण्याची तयारी ठेवावी. पॅराबोलिक पाटे असतील तर ते एकमेकांना मध्यभागी आणि टोकांशीच टेकतात, त्यामुळे तेथे घर्षणाचा प्रश्न मुळातच कमी असतो.

जोडणी करताना सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच घालावेत. एकदा ताणलेल्या यू-बोल्टचे आटे पुन्हा तीच पकड देत नाहीत. साधारण ५०० किमी चालल्यावर ते कंपनीने दिलेल्या टॉर्कला पुन्हा आवळावेत.

बुश रबराचे घ्यावेत की पॉलियुरेथेनचे?

फ्लेक्स हवा असेल तर रबराचे. रबरी बुश पीळ सहन करतो आणि अ‍ॅक्सल तिरका झाला की कमानीला थोडे आडवे वळूही देतो, तर कडक पॉलियुरेथेन त्या हालचालीला विरोध करते व ग्रीस सुकल्यावर कुरकुरते. रस्त्यावर गाडी घट्ट वाटावी यासाठी पॉलियुरेथेन बरे, परंतु तो या पानाचा विषय नाही.

बुशपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोल्ट कोणत्या स्थितीत आवळले जातात. अनेक गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर लोंबती असतानाच शॅकलचे व आयचे (कमानीच्या टोकाच्या गोल छिद्राचे) बोल्ट पूर्ण आवळून टाकतात. रबरी बुश त्या लोंबत्या स्थितीत जखडला जातो आणि गाडी चाकांवर उतरताच तो कायमचा पिळलेला राहतो. कमान मग आधीच ताठ होते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी नुसते हाताने लावावेत, गाडी चाकांवर उतरवून दोन-चार वेळा हलवावी आणि मगच पूर्ण आवळावेत. या एका सवयीने फुकटात जेवढा फरक पडतो तेवढा काही महागड्या सुट्या भागांनीही पडत नाही.

एखादा पाटा काढून टाकला तर?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर कोणता पाटा यावर अवलंबून आहे. सर्वांत खालचा, जाड आणि जवळजवळ सरळ असा हेल्पर पाटा फक्त भरगच्च मालाच्या वेळी कामाला येतो. गाडी यापुढे माल वाहणार नसेल तर तो काढल्याने चाकाला वर जायला जागा मिळते आणि रिकाम्या गाडीची उंची फारशी बदलत नाही. याउलट मुख्य पाट्याला आधार देणारा दुसरा पाटा काढला तर ब्रेक मारताना व चढावर जोर लावताना अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळू लागतो, कमान इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते आणि प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सचा जोर मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, मार खातात. दुसऱ्या पाट्याला कधीही हात लावू नये.

पाट्याची ताठरता त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लांबी-रुंदी तीच ठेवून १० मिमी जाडीच्या जागी ८ मिमी जाडीचा पाटा घातला तर त्याची ताठरता निम्म्यावर येते. म्हणून नुसता पाटा काढण्यापेक्षा मोजक्या जाड पाट्यांच्या जागी जास्त संख्येने पातळ पाटे घातलेली कमान बनवून घेणे हा अधिक चांगला उपाय आहे : एकूण भार तेवढाच पेलला जातो, प्रत्येक पाट्यावरचा ताण कमी राहतो आणि कमान जास्त वाकू शकते. मात्र पाट्यांची संख्या वाढली की घर्षणही वाढते, त्यामुळे वर सांगितलेल्या चकत्या अशा कमानीत अनिवार्य समजाव्यात.

पाट्यांना एकत्र धरणाऱ्या क्लिप काढून टाकल्या की चाक आणखी खाली सुटते, असेही सुचवले जाते. ते खरे आहे. पण त्याबरोबर पाटे पंख्यासारखे बाजूला पसरतात आणि खाली लोंबताना सगळा ताण एकट्या मुख्य पाट्यावर येतो. क्लिप काढण्याऐवजी त्या किंचित उंच बनवून घ्याव्यात, म्हणजे पाटे एकमेकांपासून थोडे सुटू शकतील, पण बाजूला जाणार नाहीत.

लांब शॅकल लावल्याने फ्लेक्स वाढतो का?

थोडा वाढतो, पण लोक समजतात तेवढा नाही. कमान दबली की तिची लांबी वाढते आणि चाक खाली सुटले की ती कमी होते, आणि हा फरक झेलण्यासाठी शॅकल मागेपुढे झुलतो. तो लांब असला की झुलायला जागा जास्त मिळते. शॅकल ५० मिमीने लांब केला तर गाडी साधारण निम्मीच, म्हणजे २५ मिमीच्या आसपास वर येते. त्याबरोबर पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट जेथे जोडला जातो त्या गिअरचा) कोन बदलतो आणि शॅकल पुढच्या कमानीला असेल तर कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कलही) बदलून स्टिअरिंग भरकटू लागते.

लांबीपेक्षा कोन जास्त महत्त्वाचा असतो. गाडी चाकांवर उभी असताना शॅकल कमानीपासून बाहेरच्या बाजूला मध्यम तिरका असावा आणि त्याला दोन्ही दिशांना झुलायला जागा असावी. तो अगदी उभा असेल किंवा उलट्या बाजूला कलला असेल तर चाक खाली सुटताना तो मध्येच अडतो. जास्त कमान दिलेले नवे पाटे घातल्यावर नेमके हेच घडते, कारण जास्त वाकलेल्या पाट्याच्या दोन आयमधले अंतर कमी होते आणि शॅकल आत ओढला जातो. उंच दिसणारी गाडी मूळ गाडीपेक्षा ताठ निघते, त्यामागचे गुपित बहुतेक वेळा हेच असते. झुलताना शॅकल चेसिसला किंवा कमानीला कोठे आपटतो का, हेही पाहावे. आपटल्याची खूण रंग उडालेल्या चकचकीत ठिपक्याच्या रूपात दिसते.

शॉकअप लांब घ्यावेत का? कोणत्या मापाचे?

आधी जुने शॉकअपच अडथळा आहेत का ते तपासावे. गाडीची चेसिस घोड्यांवर ठेवून चाके लोंबती करावीत, अ‍ॅक्सलखाली जॅकचा आधार द्यावा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढावेत आणि जॅक हळूहळू उतरवावा. ब्रेकचा होज ताणला जाऊ लागला तर तेथेच थांबावे. अ‍ॅक्सल आधीपेक्षा आणखी खाली गेला, तर शॉकअप आखूड पडत आहेत. मूळ शॉकअप रस्त्यावरच्या प्रवासाला पुरेल इतक्याच लांबीचे असतात, त्यामुळे मोकळ्या केलेल्या पाट्यांना ते बरेचदा कमी पडतात.

मापाचा हिशोब एका उदाहरणाने स्पष्ट करू. गाडी उभी असताना शॉकअपची एका आयपासून दुसऱ्या आयपर्यंतची लांबी ५०० मिमी आहे, बंप स्टॉपपर्यंत (वर येणारे चाक थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) ८० मिमी जागा आहे आणि बंप स्टॉपचे रबर आणखी २० मिमी दबते, असे धरू. म्हणजे शॉकअप ४०० मिमीपर्यंत दाबला जाऊ शकतो. सुरक्षिततेसाठी १५ मिमी सोडले तर त्याची बंद लांबी ३८५ मिमीपेक्षा जास्त असता कामा नये. शॉकअप काढल्यावर अ‍ॅक्सल १३० मिमी खाली जात असेल तर उघडी लांबी किमान ६३० मिमी हवी, त्यातही १० मिमी जास्त धरून ६४० मिमी घ्यावी. बंद लांबीकडे दुर्लक्ष करून नुसता लांब शॉकअप घेतला तर खड्ड्यात बंप स्टॉपऐवजी शॉकअपच तळाला आपटतो आणि त्याची आय किंवा चेसिसवरचा कंस तुटतो. आखूड शॉकअपपेक्षा हा प्रकार घातक आहे.

शॉकअप चाकाच्या आतल्या बाजूला बसतात, म्हणून अ‍ॅक्सल तिरका झाल्यावर ते चाकापेक्षा कमी हलतात. दोन चाकांमध्ये १,४०० मिमी आणि दोन शॉकअपमध्ये १,००० मिमी अंतर असेल तर चाक १०० मिमी हलताना शॉकअप सुमारे ७० मिमी हलतो. शॉकअप जितके तिरके बसवलेले असतील तितकी त्यांची हालचाल आणि पकड आणखी कमी होते. अ‍ॅक्सल सरळ खाली लोंबवून घेतलेले माप त्यामुळे सुरक्षित बाजूला राहते.

बंप स्टॉप काढून टाकावेत का?

नाही. उलट मोठे टायर घातले असतील तर ते थोडे लांब करावे लागतात, नाहीतर टायर मडगार्डच्या कडेवर कापला जातो.

पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनचे काय करता येते?

फारच थोडे, आणि हे आधीच मान्य करणे बरे. पुढच्या चाकाचा प्रवास विशबोनची (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या आडव्या हातांची) लांबी, बॉल जॉइंटची फिरण्याची मर्यादा आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (तिरके होऊनही जोर नेणाऱ्या सांध्याचा) कोन यांनी ठरलेला असतो. टॉर्शन बार (पुढे स्प्रिंगचे काम करणारी, पिळली जाणारी दांडी) पिळून गाडी पुढून उंच केली तर एकूण प्रवास तेवढाच राहतो, केवळ खाली सुटण्याचा वाटा वर जाण्याच्या वाट्यात जातो, गाडी सतत खाली सुटण्याच्या थांब्यावर आपटत चालते आणि सीव्ही जॉइंटचे बूट फाटतात. बसलेला टॉर्शन बार कंपनीच्या उंचीपर्यंत आणणे योग्य आहे, त्यापुढे जाऊ नये.

एक उपाय मात्र खरोखर उपयोगी आहे : अँटी-रोल बारच्या लिंक वाट सुरू होण्यापूर्वी सोडणे. हा बार एका चाकाची हालचाल दुसऱ्यावर लादण्यासाठीच असतो, त्यामुळे तो सुटला की दोन्ही चाके आपापली हलू शकतात. सोडलेला बार टायर किंवा ब्रेक होजला लागणार नाही अशा रीतीने बांधावा, आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी तो न विसरता जोडावा. ठाणे-बेलापूर रस्त्यावर वेगात असताना समोरचा टेम्पो अचानक थांबला आणि गाडी वळवावी लागली, तर बार नसलेली उंच पिकअप कशी कलते याचा अनुभव कोणी घेऊ नये.

पुढचा भाग ताठ असला तरी मागचा अ‍ॅक्सल मोकळा असेल तर गाडी बऱ्यापैकी चालते. पैसा आणि वेळ मागच्या बाजूला खर्च करावा.

अ‍ॅक्सलच्या खाली असलेले पाटे वर घेतले तर उंची आणि फ्लेक्स दोन्ही मिळतात ना?

मिळतात. परंतु त्यासाठी अ‍ॅक्सल हाउसिंगवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, पिनियनचा कोन नव्याने लावावा लागतो, प्रॉपेलर शाफ्ट बदलतो, अ‍ॅक्सलचा पीळ वाढतो, आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर हे केले तर ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगच्या दांडीचा) कोन बिघडून प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळते. गुरुत्वमध्य वर जातो तो वेगळाच. पाटे काढून कॉइल स्प्रिंग आणि लिंक बसवण्याबाबतही हेच म्हणावे लागेल. रस्त्यावर चालणाऱ्या, कागदपत्रे असलेल्या गाडीवर यांपैकी काहीही करू नये.

ब्रेक आणि प्रॉपेलर शाफ्टच्या बाबतीत काय तपासावे?

चाक पूर्ण खाली सुटलेले आणि पुढचे चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलेले असताना ब्रेकचे रबरी होज, हँडब्रेकची केबल आणि अ‍ॅक्सलच्या ब्रीदरची (हवा जाऊ-येऊ देणारी) नळी यांपैकी काहीही ताणले जाता कामा नये. कमी पडणारा होज योग्य लांबीचा नवा घ्यावा, जुन्याचा कंस वाकवून वेळ मारून नेऊ नये. प्रॉपेलर शाफ्टचा सरकता भाग पूर्ण सुटलेल्या स्थितीतही स्प्लाइनवर (लांब खाचांच्या जोडावर) पुरेसा आत असावा आणि क्रॉस कोठेही घासू नयेत.

पिकअपमध्ये आणखी एक गोष्ट असते जिच्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही. मागच्या अ‍ॅक्सलला एका दांडीने जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह अनेक पिकअपमध्ये असतो. अ‍ॅक्सल आणि चेसिसमधले अंतर कमी झाले की माल भरला आहे असे तो समजतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी उंच केली की हे अंतर कायमचे वाढते, व्हॉल्व्हला गाडी नेहमीच रिकामी वाटते आणि माल भरल्यावरही मागचे ब्रेक कमी लागतात. याउलट पाटे मऊ केल्यामुळे गाडी बसली तर मागची चाके ओल्या रस्त्यावर लवकर जाम होतात. सस्पेन्शनची उंची कोणत्याही कारणाने बदलली असेल तर या दांडीचे माप सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे पुन्हा लावून घेणे आवश्यक आहे.

फ्लेक्सऐवजी पैसा आणखी कशावर खर्च करता येईल?

प्रथम, काहीच खर्च न करता टायरमधली हवा कमी करावी. रस्त्यावर ३५ पीएसआय असलेला टायर दगडी वाटेवर २० पीएसआयच्या आसपास आणला तर तो दगडाभोवती वाकतो आणि सस्पेन्शनचे निम्मे काम स्वतः करतो. धारदार दगडांवर बाजूची भिंत कापली जाण्याचा धोका वाढतो, म्हणून वेग अगदी कमी ठेवावा, आणि परत निघण्यापूर्वी कॉम्प्रेसरने हवा भरावी.

त्यानंतर लॉकिंग डिफरन्शियलचा विचार करावा. चाक हवेत गेले तरी लॉक असलेला अ‍ॅक्सल जमिनीवरच्या चाकाला पूर्ण पीळ देतो. आमच्या मते साफ केलेले पाटे, योग्य लांबीचे शॉकअप आणि मागे लॉकिंग डिफरन्शियल एवढे असलेली पिकअप ही भरपूर फ्लेक्स पण साधे डिफरन्शियल असलेल्या गाडीपेक्षा जास्त वाटा पार करते.

कायद्याच्या दृष्टीने कोणते बदल चालतात?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

साफसफाई, मूळ मापाचे बुश, कंपनीच्या तपशिलाचे पाटे आणि समतुल्य शॉकअप ही दुरुस्ती मानली जाते. लिफ्ट किट, मोठे टायर आणि अ‍ॅक्सलवरचे वेल्डिंग हा बदल ठरतो. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर आठ वर्षांनंतर तिला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि त्या तपासणीत असा बदल आढळला तर गाडी नापास होऊ शकते. मऊ केलेल्या पाट्यांवर नोंदणीत लिहिलेला पूर्ण माल भरणे धोक्याचे आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हा मुद्दा उपस्थित करू शकते. शंका असल्यास गाडी ज्या कार्यालयात नोंदली आहे, म्हणजे एमएच-०४ साठी ठाणे आणि एमएच-४३ साठी वाशी, तेथे काम करण्यापूर्वी लेखी विचारणा करावी.

पाट्यांचे काम कोणाकडून आणि कसे करून घ्यावे?

कळंबोली, तुर्भे आणि वागळे इस्टेट या ट्रकची वर्दळ असलेल्या भागांत पाट्यांची कामे करणारे कारागीर मिळतात आणि त्यांचा हात चांगला बसलेला असतो. अडचण एवढीच की त्यांच्याकडे येणारे जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक 'पाटा वाढवून द्या' असे सांगते. गाडी मऊ करून हवी आहे, असे म्हणणारा त्यांना विरळा भेटतो, आणि तोंडी सांगितले तर सवयीने एक पाटा जास्तच पडतो. म्हणून पाट्यांची संख्या, प्रत्येकाची जाडी, रुंदी, लांबी आणि कमानीची उंची कागदावर लिहून द्यावी आणि जोडणीपूर्वी व्हर्निअरने मोजून घ्यावी.

बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान द्यायची असेल तर ती थंड अवस्थेत, प्रेसखाली किंवा घणाने द्यावी. गॅसकटरने पाटा लाल करून वाकवू देऊ नये. त्या जागचे टेम्परिंग (उष्णता देऊन आणलेला चिवटपणा) उतरते आणि पाटा काही दिवसांत पुन्हा बसतो किंवा तेथेच तुटतो. जुने पाटे भंगारात देण्याऐवजी जपून ठेवावेत, फिटनेसच्या वेळी किंवा गाडी विकताना ते उपयोगी पडतात.

बदल केलेली गाडी कोठे चालवून पाहावी?

खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने. येऊरचा परिसर जवळ असला तरी तेथील जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथे वाटा सोडून गाडी घालणे हा गुन्हा आहे. खाडीकाठच्या खारफुटीलाही कायद्याचे संरक्षण आहे, शिवाय त्या चिखलात अडकलेली गाडी भरती येण्यापूर्वी निघेलच असे नाही.

पावसाळ्यात आणि नंतर काय काळजी घ्यावी?

प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर पाट्यांच्या फटींत आणि शॅकलभोवती साध्या पाण्याचा जोराचा फवारा मारावा. ग्रीस निपल असतील तर पाणी आणि जुने ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत ग्रीस भरावे. रबरी बुशवर पेट्रोलियम ग्रीस किंवा जळके ऑइल लावू नये, रबर फुगून सैल होते. पाट्यांवर जळके ऑइल शिंपडण्याची जुनी रीत अजून चालू आहे. तिने गंज रोखला जात असला तरी ते ऑइल बुशवर आणि ब्रेक ड्रमवर उडते, म्हणून ती आम्ही सुचवत नाही. गणपतीनंतर पाऊस ओसरला की यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि शॅकलच्या पिना एकदा तपासाव्यात, आणि सेंटर बोल्टची टोपी बैठकीच्या खळग्यातून सरकलेली दिसली तर बोल्ट बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नये.